टोमॅटो कोणाच्या मळ्यातले?

शितावरून भाताची परीक्षा करावी, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण शीत कोणी काढून दिले आणि कोणत्या पातेल्यातून, हे काही म्हणीत सांगितलेले नाही. घरच्या स्वयंपाकात ते विचारण्याची गरजच नसते. बाजारात मात्र असते. आज मी ज्या बाजाराविषयी सांगणार आहे तो चित्रपटांचा बाजार आहे, आणि शिते काढून देणारे दुकान अमेरिकेतले आहे.

हॉलिवुडचा एखादा नवा चित्रपट लागतो. वर्तमानपत्रांत, मासिकांत, आकाशवाणी-दूरदर्शनसारख्या तिकडच्या माध्यमांत आणि इंटरनेटवर त्याची शे-दोनशे परीक्षणे येतात. ती सगळी वाचायला सवड कोणाला आहे? तेव्हा कोणी तरी ती गोळा करून एकच आकडा आपल्या हातात ठेवतो : ब्याण्णव टक्के, किंवा सतरा टक्के. आपण ब्याण्णव पाहिले की तिकीट काढतो, सतरा पाहिले की घरी बसतो. चौघांच्या कुटुंबाने एकदा चित्रगृहाची पायरी चढायची म्हणजे किती नोटा मोडतात, हे वाचकांना मी सांगायला नको. तेव्हा या आकड्यावर विसंबणारा माणूस आळशी आहे असे मी म्हणणार नाही. तो शहाणपणाच करू पाहतो. प्रश्न एवढाच, की हा आकडा काढणाऱ्या दुकानाचा मालक कोण? आणि तो मालक स्वतःच चित्रपट काढणारा असला तर?

या दुकानांपैकी सर्वांत नावाजलेले म्हणजे ‘रॉटन टोमॅटोज’, मराठीत सांगायचे तर नासके टोमॅटो. नाटक पडले की नटांवर टोमॅटो फेकावेत, या पाश्चात्त्य प्रेक्षकांच्या जुन्या रिवाजावरून हे नाव घेतले आहे. (आपल्याकडे टोमॅटोचा भाव पाहता हा रिवाज रुजला नाही ते बरेच झाले.) कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या सेन्ह डुआँग नावाच्या तरुणाने १९९८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दोघा मित्रांसह ते सुरू केले. याला हाँगकाँगच्या जॅकी चॅनच्या मारधाडीच्या चित्रपटांचे वेड. त्या चित्रपटांवर अमेरिकेत कोण काय लिहितो हे तो जमवीत असे, आणि त्यातूनच ही कल्पना निघाली. म्हणजे प्रारंभ हौशीचा होता. त्यात कोणाचा पैसा नव्हता आणि कोणाचा दाबही नव्हता.

पुढे मात्र हे बाळ बऱ्याच घरांत वाढले. २००४ साली ते आयजीएन या कंपनीने घेतले. दुसऱ्याच वर्षी आयजीएनलाच न्यूज कॉर्पोरेशनने विकत घेतले, आणि न्यूज कॉर्पोरेशनच्या घरात ‘ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स’ ही बलाढ्य चित्रसंस्था नांदत होती. २०१० मध्ये ते फ्लिक्स्टर या कंपनीकडे गेले, आणि २०११ च्या मे महिन्यात फ्लिक्स्टरसकट वॉर्नर ब्रदर्सच्या पदरात पडले. २०१६ च्या फेब्रुवारीत फँडँगोने ते घेतले. ही फँडँगो चित्रपटांची तिकिटे विकणारी कंपनी. तिची मालकी एनबीसी-युनिव्हर्सलची, आणि एनबीसी-युनिव्हर्सलची मालकी कॉमकास्टची. वॉर्नरने जाताना आपला लहानसा वाटा फँडँगोत ठेवून घेतला. आता बघा : फॉक्स, वॉर्नर, युनिव्हर्सल. हॉलिवुडच्या थोरल्या घराण्यांतल्या तिघांच्या अंगणात हे टोमॅटो या ना त्या काळी सुकत पडले होते.

मग कुंपणच शेत खाते की काय, अशी शंका कोणालाही यावी. ती तपासायची तर आधी हा आकडा निघतो कसा हे पाहिले पाहिजे. कारण मौज अशी, की त्याचा अर्थ बहुतेक वाचक चुकीचा लावतात आणि त्यात मालकाचा काहीच दोष नाही.

एखाद्या चित्रपटाला नव्वद टक्के मिळाले म्हणजे त्याला शंभरापैकी नव्वद गुण मिळाले, असे आपण समजतो. शाळेत आपली तशीच सवय झालेली असते. पण इथे टक्केवारी गुणांची नसून माणसांची असते. प्रत्येक परीक्षण एक तर ‘ताजे’ नाही तर ‘नासके’, असे दोनच कप्प्यांत टाकले जाते. शंभरातल्या किती परीक्षकांना चित्रपट बरा वाटला, एवढेच तो आकडा सांगतो. साठ किंवा साठाहून अधिक असले की चित्रपट ताजा, खाली गेला की नासका. आता समजा, एका चित्रपटाला दहा परीक्षकांनी दहापैकी सहा-सहा गुण दिले आणि ‘ठीक आहे, पाहायला हरकत नाही’ असे लिहिले. त्याची टक्केवारी होईल शंभर! दुसऱ्या एका चित्रपटाला सहा जणांनी दहापैकी दहा गुण देऊन डोक्यावर घेतले आणि चौघांनी दोन-दोन गुण देऊन झोडपले. त्याची टक्केवारी साठ. सरासरी काढली तर पहिल्याची सहा आणि दुसऱ्याची सहा पूर्णांक आठ. म्हणजे सरासरीने जो सरस, तोच टक्केवारीने चाळीस पायऱ्या खाली! कोणाला न दुखावणारा गुळगुळीत चित्रपट या पद्धतीत हमखास तरतो, आणि काही वेगळे करू पाहणारा, ज्यावरून घरात भांडणे व्हावीत असा चित्रपट मार खातो. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि तो बर्कलीच्या त्या हौशी मुलाच्या वेळेपासूनचा आहे.

‘मेटाक्रिटिक’ नावाचे दुसरे दुकान २००१ पासून आहे. ते माणसे न मोजता गुणांची सरासरी काढते. पण तिथेही गोम आहेच. कोणत्या परीक्षकाच्या मताला किती वजन द्यायचे, हे ते कधीच सांगत नाहीत. तराजू दिसतो, पण वजनांवरचा छाप दिसत नाही.

आता मालकाकडे वळू. मालक आपल्या चित्रपटांना झुकते माप देतो का? ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ हा न्याय इथे चालतो का? हे ताडून पाहायला पुरावा भरपूर आहे, कारण वाईट चित्रपट काढण्यात कोणतीही मोठी चित्रसंस्था मागे नसते. फॉक्सची मालकी असताना २००९ साली फॉक्सचाच ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ आला, तो विसाच्या खाली गेला. वॉर्नरने मे २०११ मध्ये टोमॅटो घरी आणले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा ‘ग्रीन लँटर्न’ तिशीच्या खाली घसरला. २०१६ चे ‘बॅटमन व्हर्सेस सुपरमन’ आणि ‘सुइसाइड स्क्वॉड’ हेही वॉर्नरचेच. दोन्ही तिशीच्या खाली. युनिव्हर्सलचे ‘द ममी’ (२०१७), ‘कॅट्स’ (२०१९) आणि ‘डूलिटल’ (२०२०) विसाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. मालकाने अंगठ्याने पारडे दाबले असते तर निदान या लेकरांची इतकी बेअब्रू होऊ दिली नसती.

उलट, २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘सुइसाइड स्क्वॉड’ची परीक्षणे वाईट आली तेव्हा त्या चित्रपटाच्या चाहत्यांनी हे टोमॅटोचे दुकानच बंद करा म्हणून सह्यांचा अर्ज फिरवला. त्यांचा राग असा, की हे लोक वॉर्नरच्या चित्रपटांवर दात धरतात! त्याच दुकानात वॉर्नरचा वाटा होता, हे त्यांच्या ध्यानी नसावे. पुढच्या वर्षी, म्हणजे मार्च २०१७ मध्ये, ब्रेट रॅटनर या दिग्दर्शक-निर्मात्यानेही या टक्केवारीने चित्रपटसंस्कृतीचा घात केला अशी जाहीर तक्रार केली. ‘बॅटमन व्हर्सेस सुपरमन’मध्ये त्याच्या कंपनीचा पैसा होता. त्या चित्रपटाने जगभर ८५ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, तरीही ही तक्रार!

म्हणजे आकड्याची सरळ-सरळ खाडाखोड झाल्याचा पुरावा नाही. इथेच थांबलो असतो तर मालकांना निर्दोष म्हणून सोडून द्यावे लागले असते. पण माप खोटे करण्याला खाडाखोडच लागते असे थोडेच आहे? माप बरोबर ठेवून ते केव्हा दाखवायचे हे ठरवता येते, आणि कोणाच्या हातून भरायचे हेही.

‘केव्हा’चे उदाहरण २०१७ च्या नोव्हेंबरातले. वॉर्नरचा ‘जस्टिस लीग’ शुक्रवारी, १७ तारखेला लागणार होता. परीक्षणे बुधवारी प्रसिद्ध झाली. नेहमीची रीत अशी, की परीक्षणे येऊ लागली की टक्केवारीही दिसू लागते. या वेळी ती गुरुवारपर्यंत झाकून ठेवली. कारण सांगितले असे, की आमचा एक नवा दृश्य कार्यक्रम सुरू झाला आहे, त्यात ती वाजतगाजत जाहीर करायची आहे. जाहीर झाली ती त्रेचाळीस. साहजिकच लोक म्हणाले, भागीदाराच्या मुलाचा निकाल मास्तरांनी दडवला. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की थोड्याच दिवसांपूर्वी ‘अ बॅड मॉम्स ख्रिसमस’ या चित्रपटाची टक्केवारीही अशीच राखून ठेवली होती, आणि तो ना वॉर्नरचा होता ना युनिव्हर्सलचा. तेव्हा हेतू शुद्ध असेलही. पण दुकान भागीदाराचे नसते तर हा संशय कोणाच्या मनात आलाच नसता. संशय येऊ न देणे हे मापाड्याचे अर्धे काम आहे.

‘कोणाच्या हातून’ याचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि त्यात मालकाचा हात मुळीच नाही. ‘ऑफिलिया’ नावाचा एक लहान चित्रपट २०१८ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. तेरा परीक्षणे आली, त्यांतली सात प्रतिकूल. टक्केवारी शेहेचाळीस, म्हणजे नासका. अमेरिकेत वितरक मिळेना. पुढे काही महिन्यांत आणखी आठ परीक्षणे आली, त्यांतली सात अनुकूल, आणि टक्केवारी बासष्टवर गेली. साठाची वेस ओलांडली! त्यानंतर लवकरच वितरकही मिळाला. ही गोष्ट ‘न्यूयॉर्क’ मासिकाच्या ‘व्हल्चर’ने २०२३ च्या सप्टेंबरात उजेडात आणली. एक प्रचारसंस्था फारशा परिचित नसलेल्या परीक्षकांना एकेका परीक्षणामागे पन्नास डॉलर किंवा अधिक देत असे, असे त्या लेखात दाखवले होते. पैसे घेऊन लिहिणारे आमच्या यादीत थोडेसेच आहेत, असे त्या संस्थेचे म्हणणे पडले. टोमॅटोवाल्यांनी त्या संस्थेशी संबंधित असलेले काही चित्रपट आपल्या स्थळावरून काढून टाकले. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की शंभर-दोनशे परीक्षणे असलेल्या चित्रपटात आठ परीक्षणे म्हणजे दर्यामें खसखस. पण तेरा असतील तिथे आठांनी पारडे फिरते. लहान चित्रपटाचे नशीब सहा-सात अनोळखी लेखण्यांवर लटकलेले असते. ज्याने प्रामाणिकपणे चित्रपट काढला आणि असले पैसे दिले नाहीत, त्याच्या वाट्याला शेहेचाळीसच राहतात.

खोटी स्तुती विकत घेण्याचा किंवा घरीच तयार करण्याचा उद्योग या आकड्यांच्या आधीपासूनचा आहे. सोनीच्या कोलंबिया चित्रसंस्थेने तर २००० साली परीक्षकच निर्माण केला! डेव्हिड मॅनिंग हे त्याचे नाव, कनेक्टिकटमधले ‘रिजफील्ड प्रेस’ हे त्याचे वर्तमानपत्र. वर्तमानपत्र खरे होते, मॅनिंग नव्हता. सोनीच्या जाहिरातींतून तो सोनीच्या चित्रपटांची तोंड भरून स्तुती करी. २००१ च्या जूनमध्ये ‘न्यूजवीक’ने हे बिंग फोडले. पुढे कंपनीला कनेक्टिकट राज्याला तीन लाख सव्वीस हजार डॉलर भरावे लागले, आणि प्रेक्षकांनी लावलेल्या दाव्यात २००५ मध्ये पंधरा लाख डॉलरांवर तडजोड झाली. फसलेल्या प्रेक्षकाला दर तिकिटामागे पाच डॉलर परत!

आता कोणी म्हणेल, चित्रसंस्थेच्या पैशावर चालणारी परीक्षा मुळातच अविश्वसनीय. मला तसे वाटत नाही. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या शिकागोच्या दोन टीकाकारांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९८६ पासून डिस्नेच्याच एका शाखेमार्फत वितरित होत असे. अंगठा वर किंवा अंगठा खाली, ही त्यांची खूण जगभर गाजली. डिस्नेचा चित्रपट नावडला की त्यांचा अंगठा खालीच जाई. आपल्या मुंबईतही १९३५ पासून ‘फिल्मइंडिया’ काढणारे बाबूराव पटेल होते. त्यांच्या लेखणीचा निर्मात्यांना धाक. आणि हेच बाबूराव १९४४ साली ‘द्रौपदी’ आणि १९४६ साली ‘ग्वालन’ असे दोन चित्रपट स्वतःच दिग्दर्शित करून बसले, दोहोंची नायिका सुशीलाराणी, ज्या त्यांच्या पत्नी! म्हणजे परीक्षकही तेच आणि परीक्षार्थीही तेच. पण वाचकाला सगळे ठाऊक होते. बाबूराव कोण, त्यांचा राग कोणावर, लोभ कोणावर, हे जाणूनच तो मासिक उघडत असे, आणि त्यांच्या मतातून किती वजावट करायची ते स्वतः ठरवत असे. आकड्याला चेहरा नसतो. बासष्ट टक्के कोणावर रागावलेले आहेत, हे कसे ओळखायचे?

मालकीचा खरा परिणाम मला दिसतो तो दुसरीकडेच. तो आहे तिकिटाच्या खिडकीत. फँडँगो तिकिटे विकते, आणि तिला चित्रपट वॉर्नरचा की युनिव्हर्सलचा की डिस्नेचा याच्याशी फारसे कर्तव्य नाही. तिला सगळेच चित्रपट चालायला हवे आहेत. किराणा दुकानदार एकाच साबणाची भलावण करील असे नाही, पण ‘आज साबण घेऊ नका’ असे तो कधीच म्हणणार नाही. याचा पुरावा २०१५ च्या ऑक्टोबरात ‘फाइव्हथर्टीएट’ या पत्रात वॉल्ट हिकी या पत्रकाराने पुढे आणला. तेव्हा टोमॅटो फँडँगोकडे यायचे होते. प्रेक्षकांनी दिलेल्या तारकांचे तिचे स्वतःचे कोष्टक होते. तीस किंवा अधिक प्रेक्षकांनी मते दिलेले २०९ चित्रपट हिकीने पाहिले. पाचांपैकी तीन तारकांच्या खाली एकही नाही! वर्गातला प्रत्येक मुलगा पास. शिवाय आणखी एक गंमत सापडली. अपूर्णांक नेहमी वरच्या अर्ध्या तारकेकडे ढकलला जाई. चार पूर्णांक एक आले तरी दाखवायचे साडेचार. खरा आकडा पानामागच्या संकेतलिपीत तसाच पडलेला होता. यंत्रणेतली चूक आहे, सुधारू, असे कंपनीने सांगितले. असेल. पण चूक ग्राहकाच्या बाजूने झालेली मी तरी क्वचितच पाहिली आहे.

आणि चारच महिन्यांनी याच कंपनीने टोमॅटो विकत घेतले. आज प्रेक्षकांची जी वेगळी टक्केवारी तिथे परीक्षकांच्या शेजारी दिसते, तिची जातकुळी या खिडकीशी जुळते. २०१९ च्या सुरुवातीला ‘कॅप्टन मार्व्हल’ लागण्याआधीच, न पाहताच त्याच्यावर चिखलफेक सुरू झाली. म्हणून मे महिन्यापासून तिकीट काढल्याची खात्री पटलेल्या प्रेक्षकांचे मत निराळे धरायचे ठरले. कल्पना रास्त होती, हुल्लडबाजांना आळा बसला. पण खात्री प्रथम पटवली गेली ती फँडँगोकडून काढलेल्या तिकिटांवरून. आणि पैसे मोजून, पहिल्याच आठवड्यात, हौसेने जाणारा माणूस कोण? जो आधीच त्या चित्रपटाचा चाहता आहे तो. त्याचे मत खोटे नसते, पण ते सासरच्या मंडळींनी नव्या जावयाविषयी दिलेल्या मतासारखे असते. तेव्हा प्रेक्षकांचे पंच्याण्णव आणि परीक्षकांचे पंच्याण्णव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शेजारी-शेजारी छापल्या म्हणून त्या एक होत नाहीत.

माझ्यापुरते सांगायचे तर मी परीक्षकांची टक्केवारी पाहतो, पण तिच्याखाली परीक्षणांची संख्या किती आहे ते आधी पाहतो. वीस-पंचवीस असतील तर आकडा सोडून देतो. पहिल्या दिवशीचा आकडाही सोडून देतो, कारण लवकर खेळ दाखवायचा कोणाला आणि केव्हा लिहू द्यायचे हे चित्रसंस्थाच ठरवते. सरासरी गुण थोडे शोधावे लागतात, पण ते तिथेच मिळतात. आणि मग दोन परीक्षणे उघडून वाचतो, एक चढवणारे आणि एक उतरवणारे. उतरवणाऱ्याने सांगितलेला दोष मला दोष वाटला नाही, की तिकीट काढतो. एवढ्याला दहा मिनिटे लागतात.

हा अमेरिकेचा प्रपंच आपल्याला कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपल्या शहरांतही आता तिकीट ज्या ठिकाणी काढायचे त्याच ठिकाणी चित्रपटाचे गुण दिसतात. मुंबईच्या ‘बुकमायशो’त नेटवर्क १८ या समूहाने २००७ मध्ये पैसा गुंतवला, आणि त्याच समूहातून पुढे चित्रपटनिर्मितीही झाली. आपल्याकडे घरोघर ज्या ‘आयएमडीबी’चे गुण सांगतात तिची मालकी १९९८ पासून अॅमेझॉनची, आणि अॅमेझॉनने २०२२ मध्ये एमजीएम ही जुनी चित्रसंस्था साडेआठ अब्ज डॉलरांना घेतली. तिथे तर परीक्षकही नाहीत. मते सर्वांची, आणि वजने कंपनीची.

टोमॅटोंच्या घरी अलीकडे वाटणी झाली, ती सांगून संपवतो. २०२४ च्या नोव्हेंबरात कॉमकास्टने आपल्या बहुतेक केबल वाहिन्या वेगळ्या कंपनीत घालायचे जाहीर केले. फँडँगो आणि रॉटन टोमॅटोजही त्यांच्याबरोबर जायचे ठरले. नव्या कंपनीचे नाव वर्सेंट. २०२६ च्या जानेवारीत चुली वेगळ्या झाल्या. युनिव्हर्सल चित्रसंस्था कॉमकास्टकडे राहिली. टोमॅटो आणि तिकिटांची खिडकी मात्र धाकट्या घरात, एकाच ओसरीवर आहेत.